कॅलिफोर्नियात नवीन आहात आणि कोपऱ्यावर गाडी लावून दंडाचं तिकीट मिळालंय? आधी मोजायचा टेप काढा

"मावशी, तिथे लाल रंग नव्हता, पाटी नव्हती, काही म्हणजे काहीच नव्हतं गं!" टेक्ससहून नुकतीच इकडे आलेली माझी भाची फोनवर सांगत होती. तिचं म्हणणं खरं होतं. ती आणि तिचा नवरा बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, एका गावात मैत्रिणीकडे जेवायला गेले, रिकामी जागा दिसली तिथे कोपऱ्याजवळ गाडी लावली, परत येऊन बघतात तर वायपरखाली पाकीट. तिकिटावर वाहन कायद्याचं कलम लिहिलेलं: २२५०० (एन).

मी बरीच वर्षं फ्रीमाँटमध्ये राहते. नवीन आलेल्या मराठी कुटुंबांना शाळा, घर, डीएमव्ही (गाडीची नोंदणी आणि लायसन्सचं सरकारी खातं) यांत मदत करणं हे माझं आवडीचं काम, आणि २०२५ पासून त्यात या कलमाची भर पडली आहे. म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवते.

नियम असा. गाड्या ज्या बाजूने क्रॉसवॉककडे (पायी रस्ता ओलांडायच्या जागेकडे) येतात, त्या बाजूला क्रॉसवॉकच्या अलीकडे २० फुटांच्या आत गाडी उभी करायची नाही. कोपऱ्यावर फुटपाथ रस्त्यात पुढे वाढवलेला असेल तर हेच अंतर १५ फूट. विधेयकाचा क्रमांक एबी ४१३, ते मांडणारे आमदार आमच्या फ्रीमाँट भागाचे अ‍ॅलेक्स ली. २०२३ मध्ये मंजूर झालं, २०२४ च्या वर्षात जिथे रंग किंवा पाटी नव्हती तिथे फक्त ताकीद द्यायची होती, आणि १ जानेवारी २०२५ पासून दंड सुरू झाला. कर्बला, म्हणजे फुटपाथच्या रस्त्याकडच्या कडेला, लाल रंग नसला तरी नियम लागू होतो.

नवख्या माणसाला खरा धक्का पुढे आहे. क्रॉसवॉक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पांढरे पट्टे येतात. इथल्या कायद्यात मात्र दोन रस्ते साधारण काटकोनात मिळतात आणि फुटपाथ असतो, तिथे पट्टे नसले तरी क्रॉसवॉक असतोच. आडव्या रस्त्याचा फुटपाथ मनातल्या मनात सरळ पुढे रस्त्यावर वाढवा. तो जेवढा पट्टा व्यापेल तेवढा क्रॉसवॉक. टी-जंक्शनलाही हेच. फक्त गल्लीवजा अ‍ॅलीच्या तोंडाशी हा न आखलेला क्रॉसवॉक धरत नाहीत. पुण्यात पी-वन, पी-टूच्या पाट्या आणि सम-विषम तारखा बघून गाडी लावायची सवय झालेल्या माणसाची नजर आधी पाटी शोधते, आणि पाटी नाही म्हणजे मोकळीक असं समजते. इथे निवासी भागातल्या बहुतेक कोपऱ्यांवर पाटी नसते.

आता तिकीट हातात आहे, तर काय करायचं?

जागा सोडण्याआधी फोटो काढा. गाडीचा जवळून एक फोटो घेऊन भागत नाही. गाडी आणि कोपरा दोन्ही एका चौकटीत यायला हवेत, रस्त्याच्या दोन्ही दिशांनी. कर्ब जमिनीलगत वाकून घ्या, म्हणजे जुना पुसट रंग असला किंवा नसला तरी कळेल. आसपासच्या सगळ्या पाट्या घ्या, झाडाच्या फांदीआड गेलेल्या असतील तर फांदीसकट. आणि पुढच्या बंपरच्या रेषेत फुटपाथवर जे काही कायमचं असेल ते फोटोत आलंच पाहिजे: विजेचा खांब, फुटपाथच्या लाद्यांमधली फट, पाण्याच्या मीटरचं झाकण.

त्या झाकणानेच आमचं काम केलं. भाचीने घाईत काढलेल्या एका फोटोत पुढचं चाक मीटरच्या झाकणाला लागून दिसत होतं. दुसऱ्या दिवशी मी, ती आणि जावई हार्डवेअरच्या दुकानातला २५ फुटी टेप घेऊन तिथे गेलो. पट्टे नव्हते, त्यामुळे माप कुठून सुरू करायचं हाच प्रश्न. आडव्या रस्त्याच्या फुटपाथवर उभं राहून त्याची घराकडची कड सरळ रस्त्यापलीकडे नेली. ती रेषा कर्बला जिथे छेदते तिथे जावयाने टेपचं टोक धरलं. कोपरा गोल असतो, म्हणून वळणावरून माप घेऊ नका, फसवं येतं. ही रेषा सरळच न्यायची. तिथून झाकणापर्यंत मोजलं, त्यातून चाकापुढे येणारा बंपरचा भाग वजा केला. जेमतेम बारा फूट भरले. २० च्या जवळपासही नाही.

जावई तरी म्हणाले, "मावशी, आम्ही दुसऱ्या राज्यातून आलोय, आमच्याकडे हा नियम नाही, असं लिहून बघू का?" मी नको म्हटलं, आणि तुम्हालाही तेच सांगेन. एक म्हणजे नियम माहीत नव्हता हे कारण चालत नाही. दुसरं, हे खरंही नाही. टेक्ससच्या वाहतूक कायद्यातही चौकातल्या क्रॉसवॉकपासून २० फुटांत गाडी लावायला मनाई आहे. बहुतेक राज्यांत असा नियम पूर्वीपासून आहे. कॅलिफोर्नियाच उशिरा जागा झाला. टेक्ससमधल्या फ्रिस्को-प्लेनोकडच्या नव्या वसाहतींत घराला मोठा ड्राइव्हवे (घरापुढची स्वतःची गाडी लावायची जागा) आणि दुकानांपुढे मैदानाएवढे पार्किंग लॉट, त्यामुळे रस्त्याच्या कोपऱ्यावर गाडी लावायची वेळच सहसा येत नाही. इथे जुन्या गावांत एका घरात चार गाड्या आणि रस्त्यावर जागेची मारामार. अशा ठिकाणी नियम रोज भेटतो. त्यांनी दंड भरला.

पण सगळ्यांनी निमूट भरावा असं मी म्हणत नाही. मंडळातल्या एका कुटुंबाकडे आलेल्या पाहुण्यांना याच कलमाखाली तिकीट मिळालं होतं, आणि त्यांची गाडी चौक ओलांडून पलीकडे उभी होती. ओळखायची खूण सोपी आहे. उजव्या कर्बला रीतसर लावलेल्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसा. चौक नाकासमोर असेल तर तुम्ही क्रॉसवॉकच्या अलीकडे, नियमात सापडलात. चौक पाठीमागे असेल तर हे कलम तुम्हाला लागत नाही. वन-वे रस्त्यावर डाव्या कर्बलाही हाच हिशोब. त्या पाहुण्यांनी दोन फोटो आणि चार ओळी पाठवल्या, तिकीट रद्द झालं. शिवाय एखाद्या गावाने स्वतःचा ठराव करून, रंग किंवा पाटी लावून, वेगळं अंतर ठरवलेलं असू शकतं. तेव्हा त्या गावाच्या संकेतस्थळावर पार्किंगचं पान वाचल्याशिवाय भांडायलाही जाऊ नका आणि भरायलाही.

मुदती मात्र डोक्यात पक्क्या ठेवा, कारण हरकत योग्य असूनही लोक तारखेत हरतात. तिकीट दिल्याच्या तारखेपासून २१ दिवसांत पैसे भरायचे किंवा फेरतपासणी मागायची. ही पहिली फेरतपासणी फुकट असते, त्यासाठी आधी दंड भरावा लागत नाही. ती मुदत हुकली आणि थकबाकीची नोटीस आली, तर नोटीस टपालात टाकल्यापासून १४ दिवस मिळतात. फेरतपासणीत नकार आला तर तो कळवल्यापासून २१ दिवसांत सुनावणी मागता येते. इथे दंडाची रक्कम आधी जमा करावी लागते, मात्र ऐपत नसल्याचं दाखवता आलं तर त्यातून सूट मागता येते. सुनावणीला समक्ष जायचं की कागदपत्रं टपालाने पाठवायची हे तुम्ही निवडायचं. तिथेही पटलं नाही तर ३० दिवसांत सुपीरियर कोर्टात अपील, फी २५ डॉलर, जिंकलात तर परत.

फेरतपासणीचं पत्र लांबवू नका. तिकीट क्रमांक, गाडीचा नंबर, तारीख. मग एक वाक्य: गाडी अमुक रस्त्यावर, अमुक चौकाच्या पलीकडे उभी होती, किंवा क्रॉसवॉकच्या रेषेपासून बंपर इतक्या फुटांवर होता. मग फोटो एक, फोटो दोन, प्रत्येकात काय दिसतं ते. शेवटी तिकीट रद्द करावं ही विनंती. घरात लहान बाळ आहे, नोकरी नवीन आहे, शहर आवडलं पण असा अनुभव आला, हे सगळं गाळा. वाचणाऱ्याला कलम आणि अंतर बघायचं असतं. तिकिटावर गाडीचा रंग चुकीचा लिहिलाय एवढ्यावर विसंबू नका. गाडीचा नंबर, जागा किंवा कलम चुकलं असेल तर ते मात्र ठळक लिहा.

दुसऱ्या राज्याची नंबरप्लेट असणाऱ्यांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. नोटीस जाते ती गाडी ज्या पत्त्यावर नोंदलेली आहे तिथे. म्हणजे तुम्ही इथे सनीवेलच्या अपार्टमेंटमध्ये आणि थकबाकीचं पत्र प्लेनोच्या जुन्या मेलबॉक्समध्ये. मुदत तिथेच संपते, दंडावर दंड चढतो. म्हणून टपालाची वाट न बघता तिकीट क्रमांक टाकून ऑनलाइन स्थिती बघत राहा, आणि टपालखात्याकडे पत्ता बदलल्याची नोंद घर सोडायच्या आधीच करा. तसंही इथे राहायला आल्यावर गाडीची नोंदणी २० दिवसांत आणि लायसन्स १० दिवसांत करायचं असतं. थकलेलं पार्किंग तिकीट इथल्या गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण अडवू शकतं, हेही लक्षात असू द्या.

पैसे भरताना तिकिटावर छापलेलाच पत्ता हाताने टाइप करा. "तुमचं पार्किंग तिकीट बाकी आहे" असे खोटे मेसेज सर्रास येतात, आणि मीटरवर कुणीतरी चिकटवलेले खोटे क्यूआर कोडही सापडले आहेत.

व्हिसावर असलेली मुलं या तिकिटाने फार घाबरतात, म्हणून स्पष्ट लिहिते: कॅलिफोर्नियात पार्किंगचं तिकीट हा दिवाणी दंड आहे, फौजदारी गुन्हा नाही, आणि त्याने लायसन्सवर नियमभंगाचा पॉइंट चढत नाही. एकरकमी झेपत नसेल तर हप्त्यांची सोय विचारा. कमी उत्पन्न असलेल्यांसाठी ती ठेवणं कायद्याने आवश्यक आहे.

याच ओघात, नवीन आलेल्यांना अडकवणाऱ्या आणखी काही जागा. कर्बचे रंग: लाल म्हणजे थांबायचंच नाही, पिवळा सामान चढवा-उतरवायला, पांढरा माणसं घ्यायला-सोडायला, हिरवा थोड्या वेळापुरता, निळा अपंगांसाठी. निळ्यावर परवान्याशिवाय लावलीत तर दंड किमान २५० डॉलर. भारतातून आलेल्या आईवडिलांसाठी परवाना काढला असेल तर तो निळ्या-हिरव्या कर्बला आणि मीटरला चालतो. लाल, पिवळ्या, पांढऱ्याला चालत नाही. अग्निशमनाच्या नळापासून १५ फूट सोडायचे, तिथे रंग असो वा नसो. सॅन फ्रान्सिस्कोत चढ ३ टक्क्यांहून जास्त असेल तर पुढची चाकं वळवून ठेवायची: उताराकडे तोंड असेल तर कर्बकडे, चढाकडे तोंड असेल तर रस्त्याकडे. आणि आपल्याच ड्राइव्हवेत लावलेल्या गाडीचा मागचा भाग फुटपाथवर आला तरी तिकीट मिळू शकतं. गणपतीला घरी पन्नास माणसं येतात तेव्हा नेमकं हेच होतं, तर आमंत्रणाच्या मेसेजमध्ये पार्किंगची ओळ आधीच घाला.

मी या २० फुटांवर इतकी अडून का बसते, तेही सांगते. शाळेच्या दिवसांत सकाळी मी कोपऱ्यावर मुलांना रस्ता ओलांडून द्यायला उभी असते. कोपऱ्याला टेकून मोठी एसयूव्ही उभी असली की दुसरीतलं मूल तिच्या बॉनेटमागे पूर्ण झाकलं जातं. वळण घेणाऱ्या ड्रायव्हरला ते दिसत नाही, मुलाला ड्रायव्हर दिसत नाही, आणि मूल बघायला म्हणून आणखी दोन पावलं पुढे येतं, म्हणजे थेट गाड्यांच्या वाटेत. न्यू जर्सीतल्या होबोकनने कोपरे असे मोकळे करण्यावर भर दिला, त्याला इतर उपायांची जोड दिली, आणि २०१७ पासून कित्येक वर्षं तिथल्या रस्त्यांवर अपघाताने एकही माणूस गेला नाही. म्हणून तिकीट चुकीचं असेल तर टेप घेऊन मी तुमच्याबरोबर येईन, आणि बरोबर असेल तर भरा असंच सांगेन.

२० फूट डोळ्यांनी ओळखायचे कसे? टोयोटा कॅमरी साधारण १६ फूट लांब असते. ती पूर्ण गाडी मावून वर चार फूट उरतील एवढी जागा क्रॉसवॉकच्या अलीकडे रिकामी हवी. पावलांनी मोजायचं तर साधारण आठ. अंधारात किंवा गोल कोपऱ्यावर शंका आली तर दहा टाका आणि पुढची जागा शोधा.