गाडीतली खंजिरी फुटत होती, तेव्हा

इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर पहिल्यांदाच कळलं की इंजिनाचा आवाज किती काय काय झाकून ठेवायचा. तुकडोजी महाराजांची भजनं लावली की खंजिरी चिरकायची आणि ढोलकीबरोबर डावीकडून 'झर्रर्र' यायचं. मला वाटलं, स्पीकर गेला.

पुतण्या म्हणाला, "काका, दाराले हात लावून पाहा ना." तळवा दाबला, झर्रर्र बंद! आतल्या पॅनलची एक क्लिप सुटली होती आणि वायरींचा जुडगा प्लास्टिकवर आपटत होता. क्लिप बसवली, जुडग्याला कापडी टेप गुंडाळला. (दारात १२ व्होल्टचंच काम असतं, नारिंगी केबल दिसली तर मात्र हात लावू नका, ती हाय व्होल्टेजची.)

चिरकणं राहिलंच. तिथं चूक माझीच. फोनमध्येही इक्वलायझर (बास-ट्रेबल कमी-जास्त करायची सोय) चालू, गाडीतही बास-ट्रेबल टोकाला, म्हणून दोन्हीकडून वाढून आवाज फाटायचा. फोनमधला बंद केला, गाडीतलं सगळं शून्यावर आणलं, मग बास फक्त एक घर वर. फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवायचा आणि कमी-जास्त गाडीच्या बटणानं करायचं, हेही तेव्हाच समजलं.

ब्लूटूथवर गाणं दाबून, म्हणजे आवाजातलं थोडं गाळून, पाठवलं जातं, म्हणून पेन ड्राइव्हवर फ्लॅक (काही न गाळता साठवलेल्या) फायली टाकून पाहिल्या. फरक आहे, पण क्लिपेएवढा नाही. व्हॉट्सॲपवर आलेली भजनं तर कशावरही लावा, तशीच दबलेली वाजतात.

आता टायरचा आवाज तेवढा ऐकू येतो.