विहिरीचं पाणी माशांच्या टाकीत घालण्याआधी

सगळ्यात आधी एक ड्रम लागतो. पन्नास-साठ लिटरचा, प्लास्टिकचा, ज्यात कधी फिनेल, साबण किंवा फवारणीचं औषध कालवलेलं नाही असा. पंपाचं पाणी या ड्रममध्ये जातं आणि एक रात्र तिथेच राहतं, आत एअर पंपाची नळी आणि तिच्या टोकाचा बुडबुडे काढणारा दगड (एअरस्टोन) सोडून, बुडबुडे चालू ठेवून. पंपातून थेट माशांच्या टाकीत नाही. पाणी कितीही काचेसारखं दिसलं तरी नाही. गेल्या वेळी माझ्याकडून हेच राहून गेलं आणि थोड्याच वेळात सगळे मॉली मासे वर येऊन तोंडं उघडमीट करायला लागले. म्हणून ही यादी लिहिते आहे, आणि म्हणूनच ही गोष्ट तुम्हाला खाली पुन्हा पुन्हा वाचायला मिळेल.

कारण नीट समजून घ्या, म्हणजे कंटाळा आला तरी ही पायरी गाळणार नाही. पावसाचं पाणी मातीतून खाली झिरपताना झाडांची मुळं आणि मातीतले जिवाणू सोडतात तो कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळत जातो, आणि ऑक्सिजन मात्र वाटेत खर्च होतो. खाली ते पाणी उघड्या हवेला लागतच नाही. विहीर उघडी असली तरी पंपाचा फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणारं नळीचं टोक, तळाशी, झऱ्याजवळ असतो, त्यामुळे वर येतं ते तळचंच पाणी. बोअरचं तर विचारूच नका. असं पाणी टाकीत ओतलं की माशांच्या कल्ल्यांना बाहेर टाकायचा वायू बाहेर टाकता येत नाही आणि लागणारा ऑक्सिजन मिळत नाही. खोल बोअरमधून दाबाखालचं पाणी एकदम वर आलं की त्यात नायट्रोजनही जास्तीचा राहिलेला असू शकतो. मग माशांच्या परांत आणि डोळ्यांत बारीक बुडबुडे धरतात. त्याला थेंब, गोळी, औषध काही नाही. हवा द्या, रात्रभर. एवढाच इलाज आहे आणि तो फुकट आहे.

पावसात वीज जाणार, हे गृहीत धरा. बॅटरीवरचा एअर पंप असेल तर उत्तम. नसेल तर दोन बादल्या घ्या आणि पाणी एकीतून दुसरीत, हात उंच धरून, पंधरा-वीस वेळा ओता. दंड भरून येतात, पण वायू निघून जातो.

पाणी तपासायचं तेही या रात्रीनंतर. पंपाखाली बाटली धरून लगेच पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा, कमी म्हणजे आम्ल) पाहिलात तर आकडा खोटाच येणार, कारण विरघळलेला कार्बन डायऑक्साइड पाणी आम्लधर्मी दाखवतो. तो निघून गेला की तेच पाणी एका अंशानेही वर सरकू शकतं. ताज्या पाण्याचा कमी आकडा पाहून खायचा सोडा घातला की दुसऱ्या दिवशी पीएच नको तितका चढलेला असतो, आणि पीएच आठच्या वर गेला की टाकीतल्या अमोनियाचा विषारी भाग झपाट्याने वाढतो. आधी हवा, मग तपासणीचं किट, मग काय घालायचं ते. हा क्रम उलटा करू नका.

आता विहिरीत वरून काय पडतं ते. पावसाळ्यात ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक विहिरीत टीसीएल पावडर (क्लोरीनची ब्लीचिंग पावडर) टाकतात. माणसांसाठी ते हवंच, साथीच्या दिवसांत तर हवंच हवं. पण ज्या क्लोरीनने पाणी पिण्याजोगं होतं त्याच क्लोरीनने माशांचे कल्ले भाजतात, आणि टाकीच्या फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मरतात. पावडर कधी टाकली ते विचारून घ्या, विचारायला लाज कसली. ताजी टाकली असेल तर दोन-तीन दिवस टाकीचं पाणी बदलू नका, मासे थांबतात. थांबणं शक्यच नसेल तर दुकानात मिळणारं अँटिक्लोरीन, म्हणजे हायपो, बाटलीवर लिहिलेल्या मापाने ड्रममध्ये घाला. पाण्यात क्लोरीन उरलं आहे का ते ओटी टेस्टच्या थेंबांनी कळतं, पिवळं झालं तर आहे. आणि नीट ऐका, अँटिक्लोरीन फक्त क्लोरीन मारतं. कार्बन डायऑक्साइडला ते हातही लावत नाही. थेंब टाकले, आता पाणी तयार, असं समजून रात्रीची हवा वगळू नका.

विहिरीत गप्पी मासे छान फिरताहेत म्हणून पाणी टाकीलाही चालेल, असं बरेच जण सांगतील. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आरोग्य खात्याची माणसं ते सोडतात. ते मासे त्या पाण्यात मुरलेले असतात, हवेलगतच्या वरच्या थरात राहतात. तुमची निऑन टेट्रा तिथली नाही, आणि तुमचं पाणी वरच्या थरातलं नाही.

आंब्याच्या बागेतल्या विहिरीबद्दल मला फार काळजी वाटते. मोहोराच्या दिवसांत डेल्टामेथ्रिन, लॅम्डा-सायहॅलोथ्रिन अशी औषधं फवारली जातात आणि ही सगळी औषधं माशांसाठी अत्यंत विषारी आहेत, अगदी नगण्य प्रमाणातसुद्धा. विहीर उघडी असेल आणि शेजारी फवारणी चालू असेल तर त्या दिवसांत ते पाणी टाकीसाठी घेऊच नका. हवा देऊन हे विष जात नाही, गाळूनही जात नाही. सक्रिय कोळसा काही भाग शोषतो, पण त्याच्या भरवशावर जीव पणाला लावू नये. फवारणीच्या आधीच ड्रम भरून, झाकून ठेवा. पहिल्या मोठ्या पावसाचं पाणीही नको. सगळ्या शिवारातलं धुऊन विहिरीत उतरतं ते.

लोह. शेंदलं तेव्हा स्वच्छ असलेलं पाणी सकाळी तांबूस दिसलं, तळाला तपकिरी साका बसला, तर पाण्यात लोह आहे. विरघळलेलं लोह हवा लागली की गंजासारखं होऊन खाली बसतं. हे ड्रममध्ये झालं तर तुम्ही वरचं पाणी हलकेच काढून, जाड सुती फडक्यातून किंवा फिल्टरच्या कापसातून गाळून घेऊ शकता. हेच टाकीत झालं तर तो साका कल्ल्यांवर बसतो. ड्रममध्ये रात्रभर ठेवायचं आणखी एक कारण हे. कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल तर तोही हवेनेच जातो. पुन्हा तेच: रात्रभर, बुडबुडे चालू ठेवून.

पाणी जड आहे की हलकं, हे जमिनीवर ठरतं. कोकणात जांभ्यातून येणारं पाणी बहुतेक हलकं असतं, क्षार कमी, केएच, म्हणजे पीएच स्थिर धरून ठेवणाऱ्या क्षारांचं माप, अनेकदा दोन-तीन अंशांतच. टेट्राला, एंजलला ते मानवतं. पण केएच इतका कमी असला की टाकीचा पीएच एखाद्या आठवड्यात गडगडतो, कारण तो धरून ठेवणारं पाण्यात काही नसतं. कालवांची शिंपलं स्वच्छ घासून, उकळून, जाळीच्या पिशवीत फिल्टरमध्ये ठेवा, हळूहळू विरघळतात आणि केएच सांभाळतात. घाई असेल तर खायचा सोडा: पन्नास लिटरला सहा ग्रॅम घातला की केएच साधारण चार अंशांनी वाढतो. एकदम सगळा नको. घाटावर काळ्या पाषाणातल्या बोअरचं पाणी उलटं, कॅल्शियम-मॅग्नेशियमने भरलेलं. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर, साबणाला फेस नाही, हीच त्याची खूण. किटवरचा एक अंश म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरमागे 17.9 मिलिग्रॅम, आणि असं पाणी पंधरा-वीस अंशांपर्यंत सहज जातं. त्यात गप्पी, मॉली, गोल्डफिश मजेत राहतात, मग त्यांनाच पाळा की! पाण्याशी झगडण्यापेक्षा पाण्याजोगे मासे आणावेत, हे माझं ठाम मत आहे. हलक्या पाण्यातले डिस्कस मासेच हवे असतील तर आरओचं पाणी विहिरीच्या पाण्यात मिसळून कडकपणा उतरवा. नुसतं आरओ घालू नका, त्यात क्षार जवळजवळ नसतातच. मिठाने चालणारा सॉफ्टनरही नको, तो कॅल्शियम काढतो आणि बदल्यात सोडियम घालतो.

तुरटी फिरवू नका. घरात पिण्याच्या पाण्याला फिरवतात म्हणून हात आपोआप तिकडे जातो. तुरटी पाण्याचा केएच खाते, आणि कोकणातल्या हलक्या पाण्यात खायला फारसा नसतोच. पीएच कोसळतो, आणि आम्ल पाण्यात विरघळलेलं ॲल्युमिनियम कल्ल्यांना लागतं. गढूळ असेल तर पाणी स्थिर ठेवा, गाळा. उकळून उपयोग नाही, नायट्रेट तसंच राहतं आणि उरलासुरला ऑक्सिजनही जातो. यूव्ही जंतू मारतं, बाकी पाणी आहे तसंच.

नायट्रेट मात्र तपासाच. गोठा, शेणकी, संडासाचा शोषखड्डा, युरिया घातलेली भाजी, यातलं काही विहिरीच्या वरच्या अंगाला असेल तर जास्त येणारच. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. विहिरीतच त्याच्या आसपास असेल तर पाणी बदलून टाकीतलं नायट्रेट खाली येणार कसं? तिथे आरओ मिसळा किंवा दुसरी विहीर शोधा. घरातली माणसंही तेच पाणी पीत असतील तर नमुना जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या. टीडीएस मीटर हे सांगत नाही, तो फक्त एकूण क्षार मोजतो.

नव्या सिमेंटच्या हौदात साठवलेलं पाणी घेऊ नका. चुना सुटतो, पीएच भयंकर चढतो. जुना हौद चालेल.

बाकीचं तुम्हाला माहीत आहे. तापमान टाकीइतकं करून घ्या. एका वेळी पाव टाकीच बदला. मगाने, सावकाश. फिल्टरचा स्पंज विहिरीच्या पाण्यात नाही, टाकीच्याच काढलेल्या पाण्यात पिळा. ड्रममध्ये रात्रभर हवा दिलेलं पाणीच आहे ना, हे हातातला मग ड्रममध्ये बुडवण्याआधी एकदा आठवा.

नंतर तासभर माशांजवळ थांबा. कल्ले भराभर हलताहेत, मासे वर येताहेत असं दिसलं तर एअर पंप पूर्ण सोडा, आणखी पाणी घालू नका, आणि त्या दिवशी खाणं देऊ नका.