डॉल्फिन-कासवाचं सोन्याचं नाणं सोनाराकडे न्यायच्या आधी

आपल्याकडं समुद्र नाही पण सोन्याच्या नाण्यावरचा डॉल्फिन न कासव पाहून पोट्टे पागल होऊन राहिले. पलाऊ नावाचा छोटा बेटांचा देश १९९२ पासून असे समुद्री जीवांचे नाणे काढते, त्यातलं सोन्याचं छोटं नाणं म्हणजे औंसाचा पंचविसावा भाग, १.२४ ग्रॅम फक्त. दुसऱ्या देशाचे तर अर्ध्या ग्रॅमचेबी भेटतात, म्हणजे तोळ्याचा विसावा हिस्सा, शर्टाच्या बटनाएवढं. तर टीप अशी का घ्यायच्या आधी वजन गुणिले आजचा २४ कॅरेटचा भाव करून पाहा, वरचा जो पैसा आहे तो नक्षीचा न डबीचा, आणि मोडीत टाकलं का तो सोनार देत नसते बाप्पा.

दुसरं, प्लास्टिकच्या गोल डबीतून काढूच नका. शुद्ध सोनं लय नरम, बोटाचा ठसाबी उमटते, फडक्यानं पुसलं तर चरे पडतात. सोनार कसोटीवर घासतो म्हणन तर सरळ नाही म्हणा, डबीसकट वजन करून डबीचं वजा करता येते, तशीच रिकामी डबी असली तर. आणि लॉकेटसाठी कडी तर डाकूच नका, मग ते नाणं राहत नाही, मोडच होते. कागद, डबी सोबतच ठेवा.