गाडी बापाच्या नावावर, पोरगं पुण्यात: ई-चलन कसं बघायचं, कसं भरायचं

परवा मोंढ्यात सोयाबीनचा काटा चालू होता, तेवढ्यात ओळखीतले एक काका आले आणि बंडीच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून म्हणले, बाळा हे कोर्टाचं काय आलंय बघ बरं. बघितलं तर ई-चलनाची लोकअदालतीची नोटीस. काकांनी जन्मात मोटारसायकल चालवलेली नाही, गाडी नुसती त्यांच्या नावावर, पोरगं ती गाडी घेऊन पुण्याला क्लासला गेलेलं. तिथंच मोबाइलवर उघडून बघितलं तर नऊ चलनं निघाली, सगळी पुण्याची, कुठं सिग्नल तोडला, कुठं हेल्मेट नाही, कुठं ट्रिपल सीट. आणि काकांना मेसेज एकबी आलेला नाही, कारण आरसीला जो मोबाइल नंबर लागलेला होता तो शोरूममधल्या पोराचा.

आपल्याकडं परभणी, बीड, लातूर, नांदेड कुठंबी जा, घरोघरी हीच गत आहे. गाडी बापाच्या नावावर, चालवणारा पुण्यात नाहीतर संभाजीनगरला, आणि दंड साचत राहतो ते कुणालाच माहीत नसतं. चलन गाडीच्या नंबरवर फाटतं, चालवणाऱ्याच्या नावावर नाही, म्हणून नोटीस मालकालाच येते. मी पिकअप चालवतो, गावातल्या बऱ्याच जणांची चलनं मीच काढून देतो, तर एकदा सगळं नीट लिहून ठेवावं म्हणलं.

आधी बघायचं कुठं ते सांगतो. महाराष्ट्र ट्रॅफिक पोलिसांची साइट आहे महाट्रॅफिकईचलान डॉट गव्ह डॉट इन, आणि त्यांचंच महाट्रॅफिक ॲप आहे. साइट उघडली की गाडी नंबर टाकायचा, मधे जागा न सोडता, म्हणजे एमएच २२ च्या पुढचं सगळं सलग, आणि खाली चेसिस नंबर नाहीतर इंजिन नंबरचे शेवटचे चार अंक. चेसिस नंबर आरसीवर असतो, आरसी गावाकडं कपाटात असंल तर इन्शुरन्सच्या कागदावर पण असतो. पूर्ण चेसिस नंबर १७ अक्षरांचा असतो, आपल्याला फक्त शेवटचे चार पाहिजेत. मग कॅपचा टाकून सबमिट. काही निघालं नाही तर लगेच खूश होऊ नका, नंबर परत एकदा तपासा, इंग्रजी ओ आणि शून्य यांच्यात लई जण फसतात.

चलनं असली तर यादी येते, प्रत्येक चलनापुढं तारीख, ठिकाण, कलम, रक्कम आणि फोटो बघायचं बटण. आता इथंच बहुतेक लोक चुकतात. आकडा दिसला की घाबरून सगळ्यांवर टिक करून पैसे भरून मोकळे होतात. तसं करू नका. आधी फोटो बघा, एकेक चलनाचा, मोठा करून. गाडी आपलीच आहे का, रंग, कंपनी, नंबर प्लेट, मागं बसलेलं कोण, सगळं बघायचं. हे मी एवढं जोर देऊन सांगायलोय त्याला कारण आहे.

दोन वर्षांखाली आमच्या पिकअपवर एका मोठ्या शहरातलं चलन आलं, नो पार्किंगचं. त्या दिवशी आमची गाडी दिवसभर मोंढ्यात उभी होती, हरभरा होता गाडीत. फोटो उघडला तर एक पांढरी कार, प्लेटवर चिखल, आणि त्यांच्या नंबरातला ८ पोलिसांनी ३ वाचलेला. फोटो बघितला नसता तर ते पैसे गेलेच होते. मग मी अर्ज केला, त्यात चलन नंबर, आरसीचा फोटो, आपल्या गाडीचे पुढून मागून दोन फोटो, आणि त्या दिवशीची आडतीची पट्टी जोडली, पट्टीवर तारीख आणि गाडी नंबर दोन्ही होतं. दीड महिना गेला, दोनदा फोन करावा लागला, पण चलन रद्द झालं. तेव्हापासून आडतीची पट्टी, टोलची पावती, पेट्रोलची पावती असलं काहीबी मी फेकत नाही, फोटो काढून ठेवतो. फास्टॅगचं स्टेटमेंट पण चांगला पुरावा आहे, गाडी कुठल्या टोलवरून किती वाजता गेली ते त्यात येतं.

तक्रार करायची तर महाट्रॅफिक ॲपमधून होते, नाहीतर ज्या शहरानं चलन फाडलं त्या शहराच्या वाहतूक शाखेकडं लेखी अर्ज. लक्षात ठेवा, चलन पुण्याचं असंल तर परभणीच्या वाहतूक शाखेत जाऊन उपयोग नाही, ते रद्द करू शकत नाहीत, नुसती चक्कर होते. अजून एक, कॅमेऱ्यानं पकडलेल्या चलनाला केंद्राच्या मोटार वाहन नियमात १६७ ए म्हणून नियम आहे, ऑगस्ट २०२१ चा. त्यात गुन्हा झाल्यापासून १५ दिवसांच्या आत नोटीस पाठवायची असं लिहिलेलं आहे, आणि चलन निकाली निघेपर्यंत तो फोटो, व्हिडिओ जपून ठेवायचा असंपण. म्हणजे फोटो दाखवा म्हणणं हा आपला हक्क आहे, उपकार नाही. अर्जात हे बिनधास्त लिहायचं.

चूक नंबर वाचण्यातली नसून कुणी आपल्याच नंबरची बोगस प्लेट लावून फिरत असंल, म्हणजे फोटोत मॉडेल दुसरं पण नंबर स्वच्छ आपला, तर नुसत्या अर्जावर थांबू नका, जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्या आणि तिची प्रत अर्जाला जोडा. उद्या ती गाडी ॲक्सिडेंट करून पळाली तर पोलीस तुमच्या दारात येतील.

आता भरायचं कसं. फोटो बघून जी चलनं खरंच आपली आहेत तेवढ्यांवरच टिक करा, अटी मान्य म्हणून एक खूण असते ती करा, मग पेमेंटला जा. यूपीआय, डेबिट कार्ड, नेट बँकिंग सगळं चालतं. पेमेंट होत असताना पान रिफ्रेश करायचं नाही, मागं जायचं नाही. आपल्याकडं नेटवर्क कसं आहे ते सगळ्यांना माहीत आहे, शेतात उभं राहून भरायला जाऊ नका, गावात रेंज असंल तिथं बसून भरा. पैसे कटले आणि चलन तरीबी अनपेड दिसायलं तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका, हे लई जण करतात. बँकेच्या मेसेजमधला यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर, लिहून ठेवा आणि एक दोन दिवस थांबा, बहुतेक वेळा स्टेटस आपोआप बदलतं नाहीतर पैसे खात्यात परत येतात. ऑनलाइन जमतच नसंल तर ट्रॅफिक पोलिसाजवळ चलनाचं मशीन असतं, त्याच्यावर जुनं चलनपण भरता येतं, पण पावती घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही.

महाराष्ट्राच्या साइटवर काही दिसलं नाही म्हणजे गाडी स्वच्छ आहे असं समजू नका. आरटीओच्या पथकानं केलेलं चलन कधी कधी केंद्राच्या परिवहन साइटवर असतं, ई-चलान डॉट परिवहन डॉट गव्ह डॉट इन. तिथं गाडी नंबरासोबत चेसिस नाहीतर इंजिनचे शेवटचे पाच अंक लागतात, चार नाही. आणि आपण मराठवाड्यातले लोक तर कायम सीमेपलीकडं जाणारे, नांदेड देगलूरचा माणूस हैदराबादला दवाखान्याला जातो, उदगीरचा बिदरला. तेलंगणा पोलिसांची ई-चलनाची साइट वेगळी आहे, हैदराबादला जाऊन आलात तर तिथंबी एकदा नंबर टाकून बघा. कर्नाटकचं आधी परिवहनवर बघायचं.

दंड किती ते थोडक्यात सांगतो. केंद्रानं कायदा बदलला तो १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाला, महाराष्ट्रानं नवे दर डिसेंबर २०२१ मधे आणले. किरकोळ गुन्ह्याला पहिल्यांदा ५००, परत सापडला तर १५००. लायसन नसताना चालवली तर ५०००, आणि ज्यानं गाडी दिली त्याला वेगळे ५०००. इन्शुरन्स नाही तर २०००, दुसऱ्यांदा ४०००. ट्रिपल सीट १०००. कारनं स्पीड ओलांडलं तर २०००, समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मर्यादा आहे, जालन्याच्या पुढं रस्ता मोकळा दिसला की काटा १४० वर जातो आणि कळतबी नाही. ट्रिपल सीट आणि हेल्मेट या दोन्हीत कायद्यानं तीन महिने लायसन पण निलंबित होऊ शकतं, हे पोरांना माहीत नसतं.

पण सगळ्यात जड आहे ते बारक्या पोरांच्या हातात गाडी दिल्याचं. १८ च्या आतलं पोरगं गाडी चालवताना सापडलं तर पालकाला नाहीतर मालकाला २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द, आणि त्या पोराला वयाची २५ होईपर्यंत लायसन मिळत नाही. दूध घालायला, शाळेत जायला आपण सर्रास देतो, मीबी देत होतो, हे वाचल्यावर बंद केलं. पैशाचं सोडा, पोरगं परत आलं पाहिजे.

मोबाइल नंबर बदलणं हे काम आजच करून टाका, सगळा घोळ इथूनच सुरू होतो. परिवहन साइटवर वाहनाच्या सेवांमधे मोबाइल नंबर अपडेटचा पर्याय आहे, गाडी नंबर, पूर्ण चेसिस, पूर्ण इंजिन नंबर, रजिस्ट्रेशनची तारीख आणि वैधता कधीपर्यंत ते टाकावं लागतं, म्हणून आरसी समोर घेऊनच बसा. गाडी पोरगं चालवत असंल तर नंबर पोराचा टाकायचा का बापाचा, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न, माझं मत विचाराल तर बापाचा टाका. काकांच्या गाडीला तसंच केलं. आता पुण्यात सिग्नल तुटला की मेसेज बापाला येतो आणि संध्याकाळी पोराला फोन जातो.

गाडी विकली असंल तर अजून जपून. टीटी फॉर्मवर, म्हणजे २९ आणि ३० नंबरवर, सह्या करून दिल्या म्हणजे गाडी नावावरून गेली असं होत नाही. घेणारा ते फॉर्म तसेच डिक्कीत ठेवून वर्षभर फिरतो आणि चलनं तुमच्या नावावर पडत राहतात. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असं कायद्यातच आहे. व्यवहाराच्या दिवशी घेणाऱ्याच्या समोर दोन्ही साइटवर नंबर टाकून स्क्रीनशॉट काढा, तारीख आणि वेळ टाकून सौदापावती करा. सेकंडहँड घेणार असाल तर उलट बाजूनं हेच करा, जुनी चलनं आधीच्या मालकाकडून भरून घेतल्याशिवाय पैसे हातात द्यायचे नाहीत.

लोकअदालतीची नोटीस आली तर ती म्हणजे वॉरंट नाही, घाबरायचं कारण नाही, पण फेकून पण द्यायची नाही. तारखेच्या आधी ऑनलाइन भरलं तरी चालतं, फक्त पावती जवळ ठेवा. काहीतरी म्हणणं असंल तर पुरावे घेऊन त्या दिवशी जा. लोक म्हणायलेत की लोकअदालतीत निम्म्यात मिटतं, तर तसं प्रत्येक वेळी होतंच असं नाही, त्या आशेवर वर्षानुवर्षं साचवत बसू नका. आणि तिथं तडजोड झाली की १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणं तिच्यावर अपील नाही, म्हणून सही करायच्या आधी आकडा नीट वाचा.

शेवटचं, पण हे घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. व्हॉट्सॲपवर आरटीओ चलान नावाची फाइल येते, शेवटी एपीके लिहिलेलं असतं, वर पोलिसांचा नाहीतर परिवहनचा लोगो. ती उघडायची नाही. इन्स्टॉल झाली की ती तुमचे मेसेज, ओटीपी वाचते आणि खातं रिकामं होतं. खरं चलन कधीच एपीके फाइलमधे येत नाही. एखाद्या साध्या दहा आकडी मोबाइलवरून चलन भरा म्हणून लिंक आली तर तिला हात न लावता स्वतः साइट उघडून गाडी नंबर टाका, चलन असंल तर तिथं दिसंलच. चुकून फाइल उघडली गेलीच तर आधी मोबाइलचं नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लावा, बँकेला सांगून खातं आणि यूपीआय थांबवा. हे जेवढ्या लवकर कराल तेवढे पैसे अडकवून ठेवता येतात, सकाळी बघू म्हणून झोपू नका.