सारख्या उच्चाराचे इंग्रजी शब्द ओळखून कसे लिहावेत

खानदेशी बोलण्यात 'ळ'चा 'य' होतो. त्यामुळे 'काया बैल' म्हटले की काळा बैल समजावा आणि 'काया झिजली' म्हटले की देह. ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही, कारण तो शेजारचे शब्द पाहून अर्थ ठरवतो. इंग्रजीतील समोच्चारी शब्दांनाही हीच रीत लागू पडते. मात्र तेथे अर्थ ठरवल्यावर स्पेलिंगही निवडावे लागते.

म्हणून पहिले काम असे की, लिहिण्याआधी शब्दाचा मराठी अर्थ मनात पक्का करावा. जिनिंगमध्ये बांधलेली 170 किलोची कापसाची गाठ आणि कोर्टातला जामीन, दोन्हींना इंग्रजीत 'बेल' म्हणतात. गाठ म्हणायची असेल तर बी-ए-एल-ई, जामीन असेल तर बी-ए-आय-एल. कर्जाच्या कागदावरचे मुद्दल आणि कॉलेजचे प्राचार्य या दोघांचे 'प्रिन्सिपल' पी-ए-एल ने संपते, कारण दोन्हींत 'मुख्य' हाच अर्थ आहे. पी-एल-ई ने संपणारा शब्द फक्त तत्त्वासाठी.

त्यानंतर शब्दाचे नातलग शोधावेत. माझ्या मते ही सर्वांत उपयोगी पायरी आहे. केळीच्या घडांचे वजन सांगणाऱ्या 'वेट'मध्ये जी-एच का येते, हे 'वे' म्हणजे वजन करणे या क्रियापदाच्या स्पेलिंगवरून कळते. हे जी-एच एके काळी घशातून उच्चारले जात असे. 1476 मध्ये विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छापखाना आणला, छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू स्थिरावले आणि उच्चार बदलले तरी अक्षरे मागे राहिली. वाट पाहण्याच्या 'वेट'ला असा नातलग नाही, म्हणून त्यात जी-एच नाही. तसेच 'तेथे' या अर्थाच्या 'देअर'मध्ये 'हिअर', म्हणजे 'येथे', पूर्ण दडलेले दिसते, तर 'त्यांचे' या अर्थाच्या 'देअर'मध्ये एच-ई-आय-आर, म्हणजे वारस. मालकी दाखवणाऱ्या शब्दात वारस सापडावा, हे लक्षात ठेवायला सोपे आहे.

अपॉस्ट्रॉफी असलेला शब्द मोकळा करून वाचावा. 'इट्स'च्या जागी 'इट इज' किंवा 'इट हॅज' बसत असेल तरच ते चिन्ह द्यावे. 'त्याचे' असा अर्थ असेल तर देऊ नये. 'युअर'लाही 'यू आर' लावून पाहावे.

काही जोड्या इंग्रजांच्या तोंडी वेगळ्याच असतात, पण आपल्या कानाला एक वाटतात. पश्चिम दिशेचा 'वेस्ट' ओठ गोल करून म्हणतात आणि बनियनचा 'वेस्ट' खालचा ओठ वरच्या दातांना लावून. 'लूज'मध्येही असेच आहे: हरवणे या अर्थी एकच 'ओ' आणि शेवटी 'झ', सैल या अर्थी दोन 'ओ' आणि शेवटी 'स'. अशा जोड्या मोठ्याने म्हणून शिकाव्यात, कारण येथे उच्चार सुधारला की स्पेलिंग आपोआप सुधारते.

मोबाइलच्या लाल रेघेवर विसंबू नये. जामिनाच्या जागी गाठ लिहिली तरी शब्द स्वतः बरोबर असल्याने ती रेघ बहुधा उमटत नाही. अर्ज किंवा पावती पाठवण्यापूर्वी या जोड्यांतला प्रत्येक शब्द बोटाने दाखवत, मराठी अर्थ म्हणत, एकदा वाचून पाहावा.