करंट गेला की रॅम सगळं विसरते: प्रेझेंट सिंपल कॉम्प्युटरवरनं शिका

आमच्या बेळगावकडं दहावीपर्यंत मराठी मीडियम आणि पीयूसीला (म्हणजे अकरावी-बारावीला) सायन्स घेतलं की एकदम सगळं इंग्लिशमध्ये, खानापूर, येळ्ळूर, निपाणीकडच्या पोरांना हा दणका चांगला माहीत आहे. मग पोरं ग्रामरचं पुस्तक काढून "राम ईट्स अ मँगो" घोकत बसतात. ते ठेवा बाजूला, कॉम्प्युटर सायन्सचंच पुस्तक उघडा, कारण मशीन रोज तेच काम त्याच पद्धतीनं करतं आणि जे नेहमीच तसं होतं ते सांगायलाच तर प्रेझेंट सिंपल, म्हणजे इंग्लिशचा साधा वर्तमानकाळ आहे.

पहिल्या दिवशी वहीत तीनच वाक्यं लिहा. "द कीबोर्ड सेंड्स अ सिग्नल. द सीपीयू प्रोसेसेस द डेटा. द मॉनिटर शोज द रिझल्ट." तिन्ही क्रियापदांच्या शेपटाला लाल पेननं गोल करा, बास.

आता गंमत बघा, मराठीत सीपीयू (मशीनचा मेंदू) चालतो, रॅम (मशीनची तात्पुरती मेमरी) चालते आणि सॉफ्टवेअर चालतं, कन्नडमध्ये पण माडतान, माडताळ, माडतद असं तीन तऱ्हेचं आहेच, म्हणजे आपण दोन्हीकडनं सवयीचे, आणि इंग्लिशला मात्र बाई-बाप्याचं काही पडलेलं नाही, तिघांनाही "रन्स". एकच वस्तू असली की क्रियापदाला एस. वस्तू जास्त झाल्या की तो एस उडी मारून नामावर जातो: "द प्रोग्रॅम रन्स", "द प्रोग्रॅम्स रन". दोन्हीकडं एस दिसला की बहुतेक वेळा घोळ झालाय समजा. स्पेलिंगचं थोडक्यात सांगतो, क्रॅशला ईएस लागतं आणि कॉपीतला वाय जाऊन आयईएस येतं, पण डिस्प्लेमध्ये वायच्या आधी ए आहे म्हणून तिथं नुसता एस.

खरी मारामारी पुढं आहे. आपण "काय करायलाय" (म्हणजे आत्ता काय करत आहे) आणि "काय करतो" यातला फरक बोलताना कधी चुकत नाही पण इंग्लिशमध्ये गेलं की सगळ्यालाच आयएनजी चिकटवतो. मी पहिल्या इंटरव्ह्यूला छाती फुगवून सांगितलेलं, "माय लॅपटॉप इज हॅविंग 4 जीबी रॅम", समोरचे साहेब काही बोलले नाहीत, नुसते हसले, आणि का हसले ते मला बसमध्ये बसल्यावर कळलं. रॅम "आहे" म्हणजे ती आत्ता घडणारी गोष्ट नाही, म्हणून "हॅज". नीड, नो (माहीत असणं), कंटेन ही पण त्याच घरची, "अ बाइट कंटेन्स 8 बिट्स", तिथं कंटेनिंग नको. उलट स्क्रीनवर पट्टी सरकताना दिसतेय तर खुशाल म्हणा "द फोन इज डाउनलोडिंग अॅन अपडेट", पण फोनची रोजची सवयच ती असेल तर "द फोन डाउनलोड्स अपडेट्स अॅट नाइट".

नंतर नाही म्हणायला शिका. कॉलेजात असताना एका झेरॉक्सच्या दुकानात संध्याकाळी बसायचो, तिथला प्रिंटर ब्लॅक अँड व्हाइट, तरी प्रत्येक जण कलर मागायचा, म्हणून मी पुठ्ठ्यावर लिहून टांगलं "धिस प्रिंटर डज नॉट प्रिंट्स कलर". आठवडाभर तो पुठ्ठा लटकत होता आणि शेवटी नववीतल्या एका पोरीनं चूक दाखवली. डज आला की एस त्यानं गिळला, पुढचं क्रियापद मोकळं: "डज नॉट प्रिंट". प्रश्नाला पण तेच, "डज धिस लॅपटॉप सपोर्ट टू मॉनिटर्स?" आपण मराठीसारखा नुसता आवाज चढवून "धिस लॅपटॉप सपोर्ट्स?" विचारतो, दुकानात चालून जातं, पेपरात नाही.

अजून एक खोड, "चालत नाही" म्हणताना आपण कोण ते सांगतच नाही, त्यामुळं "डजंट वर्क" लिहून मोकळं होतो. स्पॅनिश बोलणारे पण इंग्लिश शिकताना अगदी हेच करतात, त्यांच्या क्रियापदावरनंच कर्ता कळतो ना. इंग्लिशला पुढं "इट" पायजेच.

आणि करंटचं. "करंट गेला की रॅममधलं जातं", यात मराठी "गेला" म्हणते म्हणून पोरं "वेंट" लिहितात, काही हुशार "विल गो" लिहितात. नेहमी घडणारं असेल तर दोन्ही तुकडे साधेच: "व्हेन द पॉवर गोज ऑफ, रॅम लूझेस इट्स डेटा". इफ घातलं तरी तसंच, "इफ यू प्रेस कंट्रोल झेड, द प्रोग्रॅम अनडज द लास्ट अॅक्शन".

सरावाला क्लासबिस लागत नाही. मोबाइलची भाषा इंग्लिश करा, सेटिंगमध्ये प्रत्येक बटणाखाली बारीक अक्षरात एक ओळ असते ना, ते बटण काय करतं ते सांगणारी, तसल्या रोज पाच उतरवा. मग मित्राला समोर बसवून विचारा, "डज इट यूज द इंटरनेट?", त्यानं फक्त "येस, इट डज" किंवा "नो, इट डजंट" एवढंच म्हणायचं, नुसतं यस-नो चालणार नाही. आमच्या वाड्यात दोघं भाऊ जेवताना पण हेच करतात, त्यांची आई वैतागली आहे. परवा खरंच करंट गेला तर धाकटा अंधारातनं ओरडला, "व्हॉट हॅपन्स टू माय फाइल?" आणि थोरला म्हणाला, "डिड यू सेव्ह इट?" आता डिडचं वेगळं बसून सांगावं लागणार.