९४ टक्के आले की आधी थांबा

सांगली-साताऱ्यात राहून बीसीआय, म्हणजे मेंदूचे संकेत वाचून कॉम्प्युटर चालवायचं तंत्र, शिकता येतं का, असं ज्युनिअर विचारतात. येतं. महागडा हेडसेट नाही म्हणून अडून बसू नका. 'बीसीआय कॉम्पिटिशन ४'चा २बी डेटा फुकट मिळतो: ९ माणसं, ३ ईईजी चॅनल (डोक्यावरून मेंदूचे विद्युत संकेत टिपणारे), डावा की उजवा हात हलवल्याची कल्पना. सुरुवातीला एवढं भरपूर झालं.

मी आपटलो ती जागा मात्र नीट वाचा. हात हलवायची नुसती कल्पना केली तरी मेंदूच्या विरुद्ध बाजूची ८ ते १३ हर्ट्झची म्यू लय दबते. ती पकडायची. तासगावच्या अण्णांचा डेटा मी घेतला होता; द्राक्षबागेत पडून त्यांची मानेखालची हालचाल गेलेली. एकेक ट्रायल, म्हणजे एकदा केलेली कल्पना, ४ सेकंदांची. डेटा कमी पडला म्हणून २ सेकंदांची विंडो ०.१ सेकंदाने सरकवली, एका ट्रायलचे २१ तुकडे पाडले, सगळे पिसले आणि मग ट्रेन (मॉडेलला शिकवायचे) आणि टेस्ट (त्याची परीक्षा घ्यायचे) वेगळे केले. ९४ टक्के उत्तरं बरोबर! पण शेजारच्या दोन तुकड्यांतले १.९ सेकंद तेच असतात. एक ट्रेनमध्ये, दुसरा टेस्टमध्ये. पेपर आधीच फुटलेला. मॉडेलनं हात ओळखलाच नव्हता, ती ट्रायल ओळखली होती. आधी ट्रायल वेगळ्या करा, मग तुकडे पाडा. परत सांगतो, आधी ट्रायल, मग तुकडे. जमलं तर टेस्टचा डेटा दुसऱ्या दिवशीचाच घ्या. तसं केल्यावर माझे ६१ आले. दोनच पर्याय असताना छापा-काटा करूनही ५० मिळतात. ६१ आले तरी खचू नका, ते खरे असतात.

गाइडनं ९४ बघून सही केली होती. माझं स्पष्ट मत आहे, गाइडपेक्षा एखाद्या फिजिओथेरपिस्टजवळ चार दिवस बसा. एफईएसचा, म्हणजे लुळा हात हलवायला बाहेरून देतात तो, करंट स्नायूपेक्षा नसेला चेतवतो, मज्जारज्जूपासून स्नायूपर्यंतची नस शाबूत नसेल तर हात उचलणार नाही, हे मला मिरजेत एका मॅडमनी समजावलं. आणि घरी बनवलेलं स्टिम्युलेटर कुणाच्याही अंगाला लावू नका. कुणाच्याही.

त्या ९४ च्या जोरावर मी अण्णांकडे गेलो. ईईजीची टोपी चढवली, केसांत जेल भरलं, विजेचा ५० हर्ट्झचा व्यत्यय नको म्हणून लॅपटॉपचा चार्जर काढला. अर्धा तास अण्णा डोळे मिटून मनातल्या मनात उजवा हात उचलत होते. स्क्रीनवरचा ठिपका भलतीकडेच जायचा. शेवटी म्हणाले, "माझंच कायतरी चुकतंय काय रं?"

मला उत्तर देता आलं नाही. चूक सापडायला तीन आठवडे गेले. मग परत जाऊन सांगितलं, "अण्णा, तुमचं काहीच चुकलं नव्हतं, माझं चुकलं होतं."

"बरं," म्हणाले, "मग लाव की टोपी."